भूकंपानंतरचे फरशीकाम : आधी भिंत, मग टाइल

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छची जमीन हादरली. भुज, अंजार, भचाऊ, रापर ही गावे तर उद्ध्वस्त झालीच, पण तेथून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेतही बहुमजली इमारती कोसळल्या. ज्या मोरबीच्या टाइल्स आपले व्यापारी बांधव ट्रकच्या ट्रक मागवतात, त्या मोरबीलाही तडाखा बसला. कोसळलेल्या इमारतींविषयी पुष्कळ लिहिले गेले. आम्हाला आज बोलायचे आहे ते उभ्या राहिलेल्या इमारतींविषयी. कारण फरशीच्या मिस्त्रीला बोलावणे येते ते अशाच घरांतून, आणि १९६७ चा कोयनेचा व १९९३ चा किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या महाराष्ट्रात असे बोलावणे कधी येणारच नाही, असे कोणी समजू नये.

घरमालक म्हणतो, "बाथरूमच्या टाइल्स तडकल्या आहेत, चार दिवसांत बदलून द्या." मिस्त्रीला काम हवे असते, दुकानदाराला माल विकायचा असतो. पण बसवलेली टाइल भूकंपात तडकते ती बहुधा मागची भिंत हलल्यामुळे. त्याच भिंतीवर नवी टाइल चिकटवली तर भेग जात नाही, नुसती झाकली जाते. उद्या इंजिनियर तपासायला आला, तरी त्यालाही ती दिसणार नाही. आपल्या हातून झालेले सुबक काम अशा वेळी त्या घरात झोपणाऱ्यांच्या जिवावर उठू शकते.

म्हणून काम घेण्यापूर्वी भेगेची दिशा पाहावी. सिमेंटच्या पिलर-बीमच्या इमारतीत बीमखाली, विटांच्या भिंतीच्या माथ्यावर आडवी बारीक भेग असेल, तर ती बहुतेक वेळा भिंत आणि बीम एकमेकांपासून सुटल्याची असते. दुरुस्ती लागते, पण घाबरण्याचे कारण कमी. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली किंवा भिंतीवर फुलीसारखी उमटलेली भेग मात्र हलकी समजू नये; वजन पेलणाऱ्या भिंतीत तर मुळीच नाही. आणि पिलरचे काँक्रीट फुटून सळई दिसत असेल, तर थापी खाली ठेवावी. तेथे फरशीवाल्याचे काम नाही. घरमालकाला इंजिनियर आणायला सांगावे, तोवर आगाऊ रक्कमही घेऊ नये.

दुसरी गोष्ट घाईची. मोठ्या भूकंपानंतर लहान हादरे कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने येत राहतात. भेगेवरची टाइल काढून तिच्या आरपार काचेची अरुंद पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने घट्ट बसवावी आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहावी. काच तडकली, तर भिंत अजून हलते आहे. चार पैशांची ही युक्ती, पण घरमालकाला समजावताना तासभराच्या बोलण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

न तडकलेल्या टाइल्सही तपासायला हव्यात. नाण्याने किंवा छिन्नीच्या मुठीने प्रत्येक टाइल हलकेच ठोकावी. भरीव आवाज आला तर ठीक; पोकळ, बद्द आवाज आला तर टाइलने पकड सोडली आहे. अशा टाइल्सवर खडूने खूण करावी. जिन्यातल्या आणि दरवाजावरच्या आधी काढाव्यात, कारण पुढच्या हादऱ्यात लोक पळतात ते तिथूनच.

भिंतीची दुरुस्ती इंजिनियरच्या सल्ल्यानेच व्हावी. साधारणपणे बारीक भेगेत दाबाने सिमेंटचे किंवा इपॉक्सीचे पातळ मिश्रण भरतात. मोठ्या भेगेच्या दोन्ही अंगांचा गिलावा काढून, तारेची जाळी खिळ्यांनी पक्की करून वर सिमेंट-वाळूचा थर देतात. त्यावर पुरेसे पाणी मारून तो पिकू द्यावा. बाथरूममध्ये टाइलमागचा वॉटरप्रूफिंगचा थरही फाटलेला असू शकतो. तो न करता टाइल लावली तर पाणी झिरपून आतली सळई गंजते.

आता टाइल बसवणे. चारी कोपऱ्यांत आणि मध्ये मालाचे गोळे ठेवून टाइल दाबण्याची सवय आपल्या कारागिरांत फार आहे. आम्हाला ती अजिबात पसंत नाही. मागे पोकळी राहते आणि टाइल तेथूनच सुटते. माल पूर्ण पाठीला लागला पाहिजे. सिरॅमिक टाइल सिमेंटवर लावायची तर आधी पाण्यात भिजवावी. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, म्हणून तिला नुसती सिमेंटची रबडी धरत नाही. तिला टाइलचे अ‍ॅडेसिव्हच हवे. टाइलला टाइल चिकटवून बसवू नये, सांधा ठेवावा. जमिनीवर भिंतीच्या कडेने पाच-सहा मिलिमीटर जागा सोडून ती सिलिकॉनसारख्या लवचिक मसाल्याने भरावी. स्कर्टिंगखाली ती दिसतही नाही. ही जागा नसली की हादऱ्यात फरशी मधोमध तंबूसारखी उचलली जाते.

दराविषयी थोडे. चौरस फुटाचा एकच दर ठरवून असे काम घेणारा मिस्त्री हमखास नुकसानीत जातो, आणि नुकसान भरून काढायला मग भेग झाकतो. तोडकाम व राडारोडा, भिंतीची दुरुस्ती आणि नवे टाइलकाम असे तीन वेगळे हिशेब लिहून द्यावेत. टाइल्स काढल्यावर आत काय निघेल ते आधी कळत नाही, हेही कागदावर लिहावे.

दुकानदाराची अडचण निराळी असते. ग्राहक तडकलेल्या सात टाइल्सचा जोड मागतो आणि तो लॉट केव्हाच संपलेला असतो. जवळपासची छटा गळ्यात मारली तर ट्यूबलाइटखाली डाग दिसतो आणि भांडण दुकानात येते. त्यापेक्षा सरळ वेगळ्या रंगाचा पट्टा किंवा एक पूर्ण भिंत सुचवावी. आणि नवा माल देताना एक पेटी जादा घ्यायला सांगून, तिच्यावरचा शेड व लॉट नंबर बिलावर ठळक लिहून द्यावा. पेट्या माळ्यावर हरवतात, बिल मात्र लोक जपून ठेवतात.