आपली बॉक्सर जिंकेल का? दुआ करा, पण हिशेबही मांडा

३१ जुलै २०२४ ची संध्याकाळ. पावसाळी मासेमारीबंदीचा शेवटचा दिवस. सातपाटीच्या बंदरात होड्यांवर बर्फ, डिझेल, जाळी चढत होती. चहाच्या टपरीवर मात्र आमच्या काही माजी विद्यार्थ्यांचा वेगळाच वाद रंगला होता. दुसऱ्या दिवशी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये निखत जरीनची लढत चीनच्या वू यू हिच्याशी होती.

"निखत दोनदा वर्ल्ड चॅम्पियन आहे. ही वू यू कोण?"

"तीपण चॅम्पियन आहे, जरा मोबाइलवर बघ तरी."

"काही बघायची गरज नाही. आपलीच जिंकणार, इन्शाअल्लाह."

तेवढ्यात एकाने हळूच विचारले, "सर, पाचशे लावले तर किती मिळतील?"

दुसऱ्या दिवशी निखत ५-० अशी हरली. टपरीवरचे जाणकार गप्प झाले. वर्गात नववीतल्या एका मुलीने आम्हाला विचारले, "सर, एवढी चांगली खेळते, मग पाच-शून्य कशी हरली? एकपण ठोसा लागला नाही का?" प्रश्न साधा होता, पण त्याचे नीट उत्तर आम्हालाही त्या दिवशी देता आले नाही. नंतर वाचून, जुन्या लढती पाहून जे समजले, ते इथे मांडत आहोत.

पाच-शून्य म्हणजे काय?

फुटबॉलमध्ये पाच-शून्य म्हणजे पाच गोल. बॉक्सिंगमध्ये तसे नसते. हौशी बॉक्सिंगची लढत तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते. रिंगभोवती पाच पंच बसतात. प्रत्येक पंच प्रत्येक फेरीत सरस खेळाडूला १० गुण देतो आणि दुसऱ्याला ९ किंवा त्याहून कमी. शेवटी बेरीज होते. पाचही पंचांच्या कागदावर एकच खेळाडू पुढे असेल तर निकाल ५-०.

समजा एका खेळाडूने दोन फेऱ्या थोडक्यात जिंकल्या आणि एक गमावली. बेरीज होईल २९-२८. पाचही पंचांना हेच वाटले तरी निकाल ५-० च लागेल. म्हणजे ५-० चा अर्थ "धुव्वा उडाला" असाच असतो असे नाही. पंच पाहतात ते हे : स्वच्छ, नेमके ठोसे कोणाचे जास्त लागले, लढतीवर पकड कोणाची होती, डावपेच कोणाचे चालले. नुसते हात फिरवून गुण मिळत नाहीत.

निखतचे गणित

निखत तेलंगणातल्या निजामाबादची. हा जिल्हा आपल्या नांदेडला लागून आहे. मे २०२२ मध्ये इस्तंबूलला ५२ किलो गटात तिने थायलंडच्या जितपोंग जुतामासला हरवून विश्वविजेतेपद मिळवले. मार्च २०२३ मध्ये दिल्लीत ५० किलो गटात व्हिएतनामच्या न्गुयेन थी ताम हिला हरवून दुसऱ्यांदा. दोन्ही अंतिम लढती ५-०. म्हणजे टपरीवरची मुले खोटे बोलत नव्हती. फक्त अर्धे बोलत होती.

राहिलेले अर्धे असे. ज्या दिल्लीच्या स्पर्धेत निखत ५० किलोत जिंकली, त्याच स्पर्धेत वू यू ५२ किलोत विश्वविजेती ठरली होती. पुढे हांगझोऊच्या एशियाडमध्ये ५० किलोचे सुवर्ण वू यूला मिळाले, निखतला कांस्य. पॅरिसमध्ये वू यूला अव्वल मानांकन होते आणि निखतला मानांकनच नव्हते. मानांकन असलेले खेळाडू सोडतीत एकमेकांपासून दूर ठेवले जातात. ज्याला मानांकन नाही, त्याच्या समोर कोणीही, कधीही येऊ शकतो. निखतला जर्मनीच्या बॉक्सरला हरवल्यावर दुसऱ्याच लढतीत वू यू भेटली. पुढे त्या गटाचे सुवर्णपदक वू यूनेच जिंकले.

शिवाय वजन. ज्या दिवशी लढत, त्या दिवशी सकाळी वजन द्यावे लागते. थोडे जरी जास्त भरले तर खेळाडू बाद. पराभवानंतर निखतने स्वतः सांगितले की वजन राखण्यासाठी दोन दिवस तिने काही खाल्ले नव्हते, आणि वजन दिल्यावर सावरायला वेळ मिळाला नाही. हे सगळे आदल्या दिवशी टपरीवर कोणाच्या लक्षातच नव्हते.

नागपूरची अल्फिया

आता उलटे उदाहरण आपल्याच राज्यातले. नागपूरची अल्फिया पठाण. एप्रिल २०२१ मध्ये, रमजान चालू असताना, पोलंडमधील किएल्चे इथे जागतिक युवा स्पर्धा झाली. ८१ किलोंवरील गटात अल्फियाने अंतिम लढतीत मोल्दोव्हाच्या बॉक्सरला ५-० ने हरवले. त्या स्पर्धेत भारतीय मुलींनी सात सुवर्णपदके आणली, त्यातले एक हे.

२०२२ मध्ये ती कझाकस्तानात एलोर्डा चषक खेळायला गेली. अंतिम लढतीत समोर होती २०१६ ची विश्वविजेती लज्जत कुंगेइबायेवा, तीही स्वतःच्या घरच्या मैदानावर. नुसती नावे वाचून अंदाज बांधला असता तर कोणी अल्फियाचे नाव घेतले नसते. पण विजेतेपद सहा वर्षे जुने होते आणि अल्फिया नुकतीच युवा विजेती झालेली, चढत्या उमेदीची. निकाल लागला ५-०, अल्फियाच्या बाजूने.

मग ती ऑलिम्पिकला का दिसली नाही, असे मुले विचारतात. कारण पॅरिसमध्ये महिलांचा सर्वांत वरचा गट ७५ किलोचा होता. अल्फियाच्या गटाला तिथे जागाच नव्हती.

लाडका असला की डोळे झाकतात

आमच्या वडिलांच्या पिढीला मोहम्मद अली हे नाव घरातल्या माणसासारखे. त्यांचे किस्से ऐकूनच आम्ही मोठे झालो. १९६४ मध्ये सनी लिस्टनसमोर त्यांना कोणी धरत नव्हते. ते जिंकले. १९७४ मध्ये किन्शासात जॉर्ज फोरमन त्यांना सहज हरवेल असे बहुतेकांना वाटत होते. त्यांनी आठव्या फेरीत फोरमनला आडवे केले.

म्हणून २ ऑक्टोबर १९८० ला लॅरी होम्ससमोर ते उतरले तेव्हाही चाहते म्हणाले, "अली आहेत, काहीतरी करतीलच." पण अली ३८ वर्षांचे झाले होते. हात-पाय पूर्वीसारखे चालत नव्हते. दहाव्या फेरीनंतर त्यांच्याच प्रशिक्षकाने, अँजेलो डंडी यांनी, लढत थांबवली. चाहते जुन्या अलीला डोळ्यांसमोर ठेवून बोलत होते, रिंगमध्ये मात्र त्या दिवशीचे अली उभे होते.

आपल्या सातपाटीचा तांडेल होडी काढण्याआधी वारा बघतो, भरती-ओहोटी बघतो, बर्फ किती दिवस पुरेल ते मोजतो. मग देवाचे नाव घेतो. गेल्या साली पापलेट भरपूर मिळाले म्हणून आजही मिळणारच, असे तो कधी म्हणत नाही. आपण टीव्हीसमोर बसलो की नेमके तेच म्हणतो.

पैसा मध्ये आणू नका

"पाचशे लावले तर?" याचे उत्तर आम्ही त्या मुलाला तिथेच दिले होते. जुगार आपल्या दीनमध्ये हराम आहे, सूरह माइदामध्ये तो शराबच्या बरोबरीने मना केला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनेही पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पण एक व्यवहाराची गोष्टही सांगतो. वजन कसे उतरवले, दुखापत आहे का, आदल्या रात्री झोप झाली का, हे खेळाडू आणि प्रशिक्षक सोडून कोणाला माहीत नसते. जी माहिती आपल्याकडे नाही, तिच्यावर घरखर्चाचे पैसे लावणे हा शहाणपणा नव्हे. आईबापांनी मुलांच्या मोबाइलवर एक नजर ठेवावी. सुरुवात पाचशेपासूनच होते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. निखत हरल्यावर कालपर्यंत "आपली शेरनी" म्हणणारेच "उगाच डोक्यावर घेतली" म्हणू लागले. नववीतली ती मुलगी हे ऐकत होती. उद्या तिला कबड्डी किंवा बॉक्सिंग खेळावेसे वाटले, तर जिंकली तरच आपली, हरली तर कोणीच नाही, असे तिला वाटायला नको.

म्हणून पुढच्या मोठ्या लढतीआधी घरात एक करून बघा. मुलांना वहीत पाच गोष्टी लिहायला सांगा : दोघींचे वजनगट कोणते, मानांकन काय, गेल्या वर्षभरातले निकाल काय, वय किती, आणि आधी दोघी भिडल्या आहेत का. मग अंदाज लिहा, दुआ करा आणि लढत बघा. निकालानंतर वही उघडा आणि कुठे चुकलो ते शोधा. आमच्या वर्गात अशी वही आता सुरू आहे, आणि सांभाळायला ती त्याच मुलीकडे दिली आहे.