भिजलेली पुस्तकं आणि 72 तास

कोहमाऱ्याच्या चौकात गोंदियाहून आलेला रस्ता मुंबई–कोलकाता महामार्गाला भेटतो. ऑक्टोबर सरता सरता इथून नवेगावबांधाच्या दिशेनं निघालं की दोन्ही बाजूंच्या बांध्यांमध्ये कापलेल्या धानाच्या कडपा वाळत पडलेल्या दिसतात. नेमकं त्याच वेळी आभाळ भरून येतं. पीक विम्यात अशा भिजलेल्या कडपांसाठी एक अट बरीच वर्षं होती: नुकसान झाल्यापासून 72 तासांच्या आत कळवा. तीन दिवसांत फोन लावायचा, फोटो काढायचे, गट क्रमांक आणि पॉलिसीचा क्रमांक शोधायचा. हे सगळं कुठं बसून करायचं, हा प्रश्न आमच्या पट्ट्यातल्या पुष्कळ शेतकऱ्यांना पडायचा.

72 तासांचा हिशोब ग्रंथपालांनाही पाठ असतो. पुरात भिजलेल्या कागदावर दमट, उबदार हवेत दोन ते तीन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्या वेळात पुस्तक हाती घेतलं नाही तर ते रद्दीतसुद्धा जात नाही, त्याचा लगदा होतो. धान आणि पुस्तक, दोघांची मुदत एकच. म्हणूनच गावच्या वाचनालयाकडे मी गेली काही वर्षं वेगळ्या नजरेनं पाहतो.

महाराष्ट्रात पुरामुळे खूप सोसलेली एक संस्था म्हणजे चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर. चिपळूणकरांच्या तोंडी ते ‘लोटिस्मा’. स्थापना 1864 ची. 2013 साली चिपळुणात 86 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचं यजमानपद याच संस्थेनं पेललं. 26 जुलै 2005 च्या पुरात वाचनालयाला मोठा फटका बसला. त्यातून संस्था उभी राहिली आणि 22 जुलै 2021 ला पुन्हा पाणी आलं. सह्याद्रीच्या माथ्यावर त्या दिवसांत विक्रमी पाऊस कोसळत होता, वाशिष्ठी आणि शिव नदी फुगली होती. त्यात खाडीला भरती आली की या नद्यांचं पाणी ओसरायला वाटच मिळत नाही. बाजारपेठ बुडाली, वाचनालय बुडालं, वर्षानुवर्षं जमवलेल्या ग्रंथांचा मोठा साठा चिखलात गेला.

पूर ओसरल्यावर ग्रंथालयाचं दार उघडताना काय दिसतं, ते ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून पटणार नाही. कागद पाणी पितो आणि फुगतो. कपाटात दाटीनं लावलेली पुस्तकं फुगून एकमेकांना रेटतात, इतकी की फळ्या वाकतात, कपाटाच्या बाजू निखळतात. एकेक पुस्तक ओढून काढायला गेलं तर पाठबांधणी हातात येते. म्हणून आधी कडेची एक-दोन मोकळी करून जागा करायची. चिखलानं माखलेलं पुस्तक उघडायचं नाही. ते मिटलेलं ठेवूनच स्वच्छ पाण्यात हलकं विसळायचं. पुसायला गेलात तर गाळ पानांच्या आत शिरतो. मग ते उभं करायचं, पानं पंख्यासारखी किंचित फाकवायची, मध्ये मध्ये टिपकागद घालायचा आणि तो ओला झाला की बदलत राहायचं. कडक उन्हात टाकायचं नाही, कारण पानं वाकडी होतात. वाळवण सावलीतलं आणि खेळत्या वाऱ्याचं हवं. गुळगुळीत, चकचकीत कागदाची दिवाळी अंकांची किंवा चित्रांची पानं वाळताना एकमेकांना अशी चिकटतात की नंतर सुटत नाहीत. त्यांच्याकडे सगळ्यात आधी वळायचं. जुन्या खिळाछपाईची शाई तेलातली असल्यानं ती पाण्यात टिकते, फाउंटन पेननं लिहिलेली नोंद मात्र वाहून जाते.

आणि ग्रंथालयाचा प्राण असलेली दाखल नोंदवही बहुधा अशाच शाईत असते. कोणतं पुस्तक कधी आलं, कुणी दिलं, किमतीला पडलं किती, हे तिच्यात. ती गेली की काय गेलं हेच कळत नाही.

अशी वाळवणी फार मोठ्या प्रमाणावर करावी लागली ती इटलीत. 4 नोव्हेंबर 1966 ला तिथल्या फ्लोरेन्स शहरात आर्नो नदीचा पूर राष्ट्रीय ग्रंथालयात शिरला, लाखो ग्रंथ भिजले. देशोदेशीची पोरं तिथं येऊन साखळी करून चिखलातून ग्रंथ वर काढत होती. लोक त्यांना ‘चिखलातले देवदूत’ म्हणू लागले. हे भिजलेले ग्रंथ वाळवायला आसपासच्या तंबाखू वाळवण्याच्या भट्ट्या वापरल्या गेल्या. हे वाचलं तेव्हा मला उन्हाळ्यात तेंदूची पानं जिथं वाळवतात त्या आमच्याकडच्या फळ्या आठवल्या. पुडके मांडायचे, उलटवायचे, पान कडक होऊ द्यायचं नाही आणि ओलंही राहू द्यायचं नाही. पान वाळवण्याची ही जाण इथल्या बाया-माणसांच्या हातात पिढ्यांपासून आहे. उद्या इथं एखादं वाचनालय भिजलं तर त्यांना शिकवायला फार वेळ लागणार नाही.

चिपळूणच्या पुरानंतरची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. राज्यभरातून लोकांनी पुस्तकं पाठवली, मदत दिली आणि लोटिस्मा पुन्हा उभं राहिलं. 1869 साली स्थापन झालेल्या सांगली नगर वाचनालयानंही ऑगस्ट 2019 मध्ये हेच सोसलं. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. ज्याच्या स्वतःच्या घरात चिखल आहे तो माणूस गावच्या वाचनालयासाठी धावतो, यावरून त्या जागेची किंमत कळते.

पण ती जागा पुस्तकांपुरती का राहावी? अमेरिकेत 2012 च्या सँडी वादळानंतर वीज गेलेल्या वस्त्यांतले लोक ग्रंथालयांत जमले, मोबाईल चार्ज करायला, मदतीचे अर्ज भरायला, नुसतं उबेला बसायला. त्याआधीच तिथल्या केंद्रीय आपत्ती यंत्रणेनं ग्रंथालयांना आवश्यक सेवांमध्ये धरलं होतं. आपल्याकडे नुकसानीनंतर महसूल, ग्रामपंचायत आणि कृषी खात्याची गावपातळीवरची माणसं पंचनामा करतात. मग याद्या लागतात, विशिष्ट क्रमांक मिळतो, अनेकदा ई-केवायसी करावी लागते, आधार आणि बँकेचं पासबुक जुळावं लागतं. नाव एका अक्षरानं चुकलं तरी पैसे अडतात. यादी मोठ्यानं वाचून दाखवणारा, अर्ज भरून देणारा, कागद प्लास्टिकच्या पिशवीत सांभाळायला सांगणारा माणूस आणि एक लांब टेबल, एवढंच खरं तर लागतं. टेबल वाचनालयात आहे. पेपर वाचायला रोज येणारी माणसंही आहेत. कुणाच्या घरी म्हातारी एकटी आहे हे त्यांना ठाऊक असतं.

2020 च्या ऑगस्ट अखेरीस संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं, वैनगंगा फुगली, भंडारा–गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत गावं पाण्याखाली गेली. तेव्हा टाळेबंदीमुळे राज्यातली ग्रंथालयं बंद होती; ती उघडली 15 ऑक्टोबरला. अर्ज आणि याद्यांचे ते सगळे आठवडे आमची टेबलं कुलपात होती. याची खंत मला आजही वाटते.

1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग पाडून गावोगावच्या वाचनालयांना मान्यता आणि अनुदान मिळालं. ड वर्गाच्या वाचनालयाचा ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर दार उघडतो. त्याच्यावर आणखी एक काम टाकायचं तर त्याला त्याचे पैसे मिळाले पाहिजेत, हे मी ठामपणे म्हणतो. विजेविना चालणारा एक दिवा, चार्जिंगची सोय, कोऱ्या अर्जांचा गठ्ठा आणि तालुक्याच्या तहसील कार्यालयाचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत, यासाठी फार पैसा लागत नाही.

रोहिण्या लागायच्या आत आमच्या पट्ट्यातल्या प्रत्येक वाचनालयात एवढं तरी व्हावं. खालच्या खणातली जुनी पुस्तकं वर चढवावीत, दाखल नोंदवहीची एक प्रत उतरवून दुसऱ्या घरी ठेवावी, प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढावा. आणि दाराची दुसरी किल्ली चौकातल्या एखाद्या रात्रभर उघड्या असणाऱ्या दुकानात द्यावी, म्हणजे पाणी रात्री आलं तरी दार उघडेल.