गहाण घरावर मिळालेले पदक

कर्ज मंजूर करताना बँकेचा अधिकारी तीन प्रश्न विचारतो : पैसा कशासाठी, परतफेड कशातून आणि तारण काय? १९५२ साली कोल्हापुरात सात हजार रुपयांचे एक कर्ज काढले गेले. त्यातील पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कोणत्याही अर्जाच्या रकान्यात बसली नसती. पैसा हवा होता एका मल्लाला हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला पाठविण्यासाठी आणि परतफेडीची शाश्वती काहीच नव्हती. तारण मात्र चोख होते : राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांचे घर.

तो मल्ल म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव. १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावी त्यांचा जन्म झाला. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडन ऑलिम्पिकला गेले. अंग घडले होते मातीत, कुस्ती होती गादीवर. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. १९५२ साली तर निवडीतच अडथळा आला. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि ती जिंकली. मग प्रश्न उरला प्रवासखर्चाचा. शासनाचे दार ठोठावून फारसे हाती लागले नाही. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली आणि प्राचार्यांनी घर गहाण टाकले.

हेलसिंकीतही विघ्ने संपली नाहीत. जपानच्या इशी यांच्याशी दीर्घ झुंज होऊन खाशाबा थकले असतानाच त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये विश्रांतीचा नियम होता. पण तो दाखवून देण्यास तेथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. तरीही त्यांनी कांस्यपदक पटकावले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरे मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले.

पारितोषिक काय मिळाले? शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक! कराड ते गोळेश्वर हे थोडेसे अंतर कापण्यास तिला कित्येक तास लागले. गुलाल झटकून खाशाबांनी पहिले काम केले ते हिशेब चुकता करण्याचे. कुस्त्यांची मैदाने भरवून, त्यांत स्वतः लढून त्यांनी पैसा उभा केला आणि प्राचार्यांचे घर सोडवून दिले.

१९५५ साली ते पोलीस दलात फौजदार झाले आणि सहायक आयुक्तपदापर्यंत पोहोचले. निवृत्तिवेतनासाठी मात्र त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार आला तो २००० साली, मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या संकुलास त्यांचे नाव देण्यात आले. वरातीमागून घोडे म्हणतात, ते हेच.

इतवारीतील कोणताही जाणता व्यापारी सांगेल, की भांडवलाची किंमत हंगामापूर्वी असते. हंगाम सरल्यावर आलेल्या रकमेने दुकान उभे राहत नाही. खाशाबांना मिळालेले मानसन्मान जवळजवळ सगळे हंगामानंतरचे. हंगामापूर्वी आले ते गावाची वर्गणी आणि एका शिक्षकाचे घर. आपल्या ओळखीच्या घरातील एखादी मुलगी किंवा मुलगा मैदानावर घाम गाळत असेल, तर उद्याच्या हारतुऱ्यांचा खर्च आजच त्याच्या बुटांसाठी आणि प्रवासासाठी द्यावा. ती रक्कम कोणत्या खात्यावर लिहावी, हे प्राचार्य खर्डेकरांनी दाखवून दिले आहे.