दुधाचा कॅन खरोखर स्वच्छ आहे का?

कास धुतली, हात धुतले, दूध वेळेवर केंद्रावर पोहोचविले, तरीही ते नासल्याचा शेरा येतो. अशा वेळी आपण वैरणीला दोष देतो. कॅनकडे लक्ष जात नाही, कारण तो चकचकीत दिसतो.

डोळ्यांना न दिसणारा हा मळ मोजण्यासाठी दूध प्रक्रिया उद्योगात ए.टी.पी. चाचणी वापरतात. ए.टी.पी. हा पदार्थ प्रत्येक सजीव पेशीत असतो, दुधातही असतो. काजवा ज्या द्रव्यांमुळे चमकतो, ती द्रव्ये चाचणीच्या नळीत असतात. कॅनच्या आतून साधारण १० × १० सें.मी. जागेवर ओलसर बोळा फिरवून तो नळीत घातला की ए.टी.पी.च्या प्रमाणात उजेड पडतो. यंत्र तो मोजून अर्ध्या मिनिटात आकडा दाखविते. आकडा मोठा तर मळ जास्त. मात्र दोन कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत.

बोळा सपाट भागावर फिरवून उपयोग नाही. झाकणाची कड, रबरी वायसर, कॅनचा गळा आणि तळाचा सांधा येथेच मळ दडतो. तसेच क्लोरीनचा अंश राहिल्यास आकडा चुकू शकतो, म्हणून धुतल्यानंतर, पण जंतुनाशक लावण्यापूर्वी चाचणी करावी.

ही चाचणी जिवाणूंची मोजणी नव्हे. आकडा दुधाच्या अंशामुळेही वाढतो. पण तो अंश म्हणजे जिवाणूंचे खाद्यच. उलट निव्वळ स्निग्धांशाचा थर आणि जिवाणूंचे बीजाणू तिच्यातून निसटू शकतात.

यंत्र प्रत्येकाला परवडणारे नाही. घरी धुतलेल्या कॅनमध्ये स्वच्छ पाणी ओतून पाहावे. पाणी सलग पसरले तर ठीक. थेंब थेंब होऊन तुटले तर तुपकटपणा शिल्लक आहे असे समजावे. झाकण तासभर बंद ठेवून वास घ्यावा. आंबूस वास आल्यास कॅन पुन्हा धुवावा.

धुताना प्रथम गार किंवा कोमट पाणीच वापरावे. एकदम उकळते पाणी ओतल्यास दुधातील प्रथिने पत्र्याला चिकटून बसतात. ही चूक फार घरांत होते. नंतर गरम पाणी, धुण्याची पावडर व ब्रश वापरावा. राख, माती वा तारेची घासणी नको. तिच्या ओरखड्यांत दूध साचते. ॲल्युमिनियमच्या कॅनला कॉस्टिक सोडा लावू नये. वायसर दररोज काढून वेगळा धुवावा आणि कॅन झाकण न लावता मांडणीवर उपडा वाळवावा.