परदेशातील वृद्ध आईवडिलांच्या निर्वाहखर्चावरील करसवलत

परदेशातील वृद्ध आईवडिलांच्या निर्वाहखर्चावरील करसवलत म्हणजे करदाता एका देशात आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील दुसऱ्या देशात राहत असताना, त्यांच्या पोषणाच्या खर्चाबद्दल करदात्याला प्राप्तिकरात मिळणारी सूट होय. आईवडील भारतात राहत असतील तर अमेरिकेत ही सूट मिळत नाही. जपान आणि जर्मनीत ती काही अटींवर मिळते. नोकरीनिमित्त या देशांत स्थायिक झालेल्या आणि घरी नियमित पैसे पाठवणाऱ्या मराठी कुटुंबांत याविषयी बराच गैरसमज आढळतो.

अमेरिका

अमेरिकेच्या संघीय करकायद्यात आईवडिलांना 'अवलंबित' म्हणून दाखवता येते. त्यासाठी ते करदात्याच्या घरातच राहत असले पाहिजेत, असे नाही. त्यांच्या वर्षभराच्या निर्वाहखर्चाचा निम्म्याहून अधिक भाग करदात्याने उचललेला असावा आणि त्यांचे स्वतःचे ढोबळ उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असावे (२०२५ साठी ही मर्यादा ५,२०० डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाची आहे), या त्यातील मुख्य अटी. गैरसमज होतो तो येथेच. एकत्र राहण्याची अट नाही, म्हणून आईवडील पुण्यात किंवा सांगलीत राहिले तरी चालते, असा अर्थ काढला जातो. परंतु त्याच कायद्यात आणखी एक स्वतंत्र अट आहे : अवलंबित व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा राष्ट्रीय असावी, अथवा अमेरिका, कॅनडा वा मेक्सिको यांपैकी एका देशाची रहिवासी असावी. भारतात राहणारे भारतीय नागरिक यात बसत नाहीत. मग मुलाने त्यांचा शंभर टक्के खर्च केला, औषधोपचाराची सगळी बिले भरली, तरी निकाल बदलत नाही. पाठवलेली रक्कम येथे मोजलीच जात नाही. आईवडिलांचे वास्तव्य कोठे आहे, एवढेच पाहिले जाते.

प्रत्येक अवलंबितामागे मिळणारी वैयक्तिक वजावट २०१७ मध्ये ४,०५० डॉलर होती. २०१८ पासून ती शून्य झाली आणि तिच्या जागी, मुलांव्यतिरिक्तच्या अवलंबितांसाठी, ५०० डॉलरची करातील सूट आली. या सुटीच्या बाबतीत कॅनडा व मेक्सिकोचा अपवादही लागू नाही.

सहा महिन्यांची भेट

अनेक आईवडील पर्यटक व्हिसावर दरवर्षी मुलांकडे जाऊन राहतात. त्यामुळे ते करापुरते 'रहिवासी' ठरू शकतात, हे खरे आहे. त्याची मोजणी दिवसांवर होते : चालू वर्षाचे सर्व दिवस, मागील वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचा एक षष्ठांश यांची बेरीज १८३ किंवा अधिक झाली, आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस वास्तव्य असले, तर व्यक्ती रहिवासी समजली जाते. सलग तीन वर्षे प्रत्येकी १२० दिवस राहिल्यास बेरीज १८० होते, म्हणजे थोडक्यात सुटका. प्रत्येकी १८० दिवस राहिल्यास ती २७० होते.

हा लाभ मात्र फार महाग पडू शकतो. रहिवासी ठरलेल्या व्यक्तीचे जगभरातील उत्पन्न अमेरिकेच्या करकक्षेत येते. भारतातील ठेवींचे व्याज आणि घरभाडे त्यात धरले जाते. तेवढ्यानेच वर सांगितलेली उत्पन्नमर्यादा ओलांडली जाण्याचा संभव असतो. शिवाय अमेरिकेबाहेरील बँकखात्यांतील एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल, तर त्या खात्यांची माहिती सरकारला स्वतंत्रपणे कळवावी लागते. ५०० डॉलरसाठी वडिलांच्या आयुष्यभराच्या ठेवी दुसऱ्या देशाच्या करखात्यापुढे मांडाव्यात का, हा विचार आधी करणे इष्ट. ज्यांचे चालू वर्षातील वास्तव्य १८३ दिवसांपेक्षा कमी आणि मुख्य संबंध भारताशी आहेत, त्यांना ठरावीक अर्ज भरून रहिवासी ठरणे टाळता येते. मात्र मग त्यांना अवलंबित दाखवता येत नाही. दोन्ही लाभ एकदम घेता येत नाहीत.

चुकीची सूट घेतल्यास ती व्याजासह परत करावी लागते व कमी भरलेल्या करावर २० टक्के दंड होऊ शकतो. नियमांची बेफिकिरीने उपेक्षा केल्याचे सिद्ध झाल्यास पुढील दोन वर्षे, आणि फसवणूक ठरल्यास दहा वर्षे, ही सूट मागता येत नाही.

जपान आणि जर्मनी

जपानमध्ये सत्तरी ओलांडलेल्या, वेगळे राहणाऱ्या आईवडिलांमागे प्रत्येकी ४,८०,००० येनची वजावट राष्ट्रीय प्राप्तिकरात मिळते, आणि ते परदेशी राहत असले तरी ती नाकारली जात नाही. मात्र नात्याचा पुरावा आणि पैसे पाठविल्याचा पुरावा, दोन्ही जपानी भाषांतरासह द्यावे लागतात. पैसे पाठविल्याचा पुरावा माणसागणिक लागतो. आपल्याकडे घरखर्चाची रक्कम वडिलांच्या खात्यात एकत्र पाठवण्याची रीत आहे. तसे केल्यास वजावट फक्त वडिलांपुरती मिळते, आईची जाते. सुटीत घरी येऊन हातात दिलेली रोकड धरली जात नाही. २०२३ पासून ३० ते ६९ वर्षे वयाच्या परदेशस्थ नातेवाइकांसाठी नियम कडक झाले. त्यामुळे पासष्ट वर्षांच्या धडधाकट आईसाठी वर्षाला किमान ३,८०,००० येन पाठविल्याचे दाखवावे लागते.

जर्मनीत वजावटीची कमाल मर्यादा त्या देशातील राहणीमानानुसार घटते. भारत एक चतुर्थांशाच्या गटात असल्याने २०२५ मधील १२,०९६ युरोंपैकी ३,०२४ युरोच ग्राह्य धरले जातात. त्याच वर्षापासून आईवडिलांच्या बँकखात्यात थेट पाठविलेली रक्कमच मान्य होते.

भारतातील बाजू

भारतात मुलांकडून आलेली रक्कम नातेवाइकाने दिलेली भेट समजली जाते व आईवडिलांना त्यावर प्राप्तिकर पडत नाही. तिच्या ठेवीवरील व्याजावर मात्र नेहमीप्रमाणे पडतो. अनिवासी मुलाचे भारतात करपात्र उत्पन्न असेल, उदाहरणार्थ फ्लॅटचे भाडे, तर प्राप्तिकर कायद्यानुसार साठ वर्षांवरील आईवडिलांच्या आरोग्यविम्याच्या हप्त्यावर ५०,००० रुपयांपर्यंत वजावट घेता येते. त्यासाठी जुनी करप्रणाली निवडलेली असावी आणि हप्ता रोखीने भरलेला नसावा.