नेटिव्ह डान्सर : एक सॅक्सोफोन, एक आवाज आणि एक बंद पडलेली रेल्वे

ब्राझीलचे संगीत म्हटले की बहुतेकांना बोसा नोवा आठवतो. रिओचा किनारा, हलक्या हाताची गिटार, कानाशी कुजबुजल्यासारखे गाणे. १९६४च्या ‘गेट्झ/जिल्बेर्तो’ने हे चित्र अमेरिकेत इतके रुजवले की पुढे जाझवाल्यांनी ‘ब्राझिलियन’ म्हणून जे काही केले, ते बरेचसे त्याच किनाऱ्यावर घुटमळत राहिले. वेन शॉर्टर यांच्या ‘नेटिव्ह डान्सर’ने (१९७५) हा किनारा सोडला, आणि त्याचे श्रेय मिल्टन नासिमेंतो यांच्याकडे जाते.

मिल्टन यांचा जन्म १९४२चा, रिओतला. पण ते वाढले मिनास जेराइसमध्ये. हे डोंगरांचे, खाणींचे, जुन्या चर्चचे राज्य. त्याला समुद्र नाही. अल्बमचे पहिले गाणे ‘पोंता दे आरेइया’, म्हणजे वाळूचे टोक, हे शेजारच्या बाहिया राज्यातल्या किनाऱ्यावरच्या एका ठिकाणाचे नाव आहे. तिथवर मिनासमधून रेल्वे जात असे. लष्करी राजवटीत, १९६६मध्ये, ती बंद झाली. फेर्नांदो ब्रांत यांचे शब्द त्या रेल्वेबद्दल आहेत. एवढे ठाऊक असले की मिल्टन यांचा तो उंच, जवळजवळ बालकाचा वाटणारा स्वर निव्वळ गोड वाटत नाही.

चालही बघण्यासारखी आहे. मोजायला बसलात तर नऊ मात्रा भरतात. आठची सवय झालेल्या कानाला प्रत्येक आवर्तनात एक मात्रा जास्त लागते, आणि तरीही ठेच लागत नाही. नऊ मात्रांचे ताल आपल्याकडेही आहेत. ते ऐकलेल्यांना ही गंमत लवकर सापडेल. ज्यांनी ऐकलेले नाहीत, त्यांनी बोटांवर मोजत एकदा ऐकावे आणि मग मोजणे सोडून द्यावे.

नऊपैकी पाच रचना मिल्टन यांच्या, तीन शॉर्टर यांच्या, एक हर्बी हॅनकॉक यांची. स्वतःच्या नावाच्या अल्बममध्ये शॉर्टर इतके मागे का राहिले, अशी तक्रार काही जाझप्रेमी करतात. मला ती पटत नाही. ‘तार्दे’ ऐकावे: आधी आवाज, मग त्याच भावात सॅक्सोफोन. शॉर्टर तिथे तानांची आतषबाजी करत नाहीत, आपल्याकडे साथीचा सारंगीवाला गायकाचे बोट धरून चालतो तसे चालतात. माइल्स डेव्हिस यांच्याबरोबर सहा वर्षे काढलेल्या आणि त्या वेळी वेदर रिपोर्टमध्ये असलेल्या वादकाला जोर दाखवणे अवघड नव्हते.

‘लिलिया’त शब्दच नाहीत. १९७३मध्ये सेन्सॉरने ‘मिलाग्रे दोस पेइशेस’ या अल्बममधल्या काही गाण्यांचे शब्द कापले, तेव्हा मिल्टन यांनी ती गाणी वगळली नाहीत. त्या चाली शब्दांविना गायल्या. मात्र ‘लिलिया’ त्याआधीची, १९७२च्या ‘क्लुबे दा एस्किना’मधली, तिला नाव मिल्टन यांच्या आईचे. म्हणजे निःशब्द गाणे ही त्यांची जुनीच रीत; बंदीने तिच्यात निषेधाचा अर्थ भरला. ‘नेटिव्ह डान्सर’चे ध्वनिमुद्रण झाले सप्टेंबर १९७४मध्ये, त्यानंतर वर्षभराने. पोर्तुगीज न येणाऱ्या अमेरिकन श्रोत्यांना ही सारी पार्श्वभूमी ठाऊक असणे कठीण होते. त्यांना फक्त स्वर ऐकू आला.

सगळेच सारखे उतरलेले नाही. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ रंजक आहे, पण तिथे फ्यूजनचा तत्कालीन बाज जरा उघडा पडतो. शेवटची ‘जोआनाज थीम’ मुळात हॅनकॉक यांनी ‘डेथ विश’ या चित्रपटासाठी केलेली. सुंदर असूनही इथे पाहुणीच वाटते. ‘आना मारिया’ मात्र शॉर्टर यांनी पत्नीच्या नावाने केलेली धून, आणि मिल्टन यांच्या चालींशेजारी शोभणारी.

‘पोंता दे आरेइया’ पुढे बरीच हिंडली. अर्थ, विंड अँड फायर यांनी १९७७च्या ‘ऑल एन ऑल’मध्ये तिचा तुकडा ‘ब्राझिलियन राइम’ या नावाने गायला. त्यात रेल्वे नाही, शब्दही नाहीत. चाल तेवढी आहे.