वकिलीतून लोकसेवेकडे : बाळासाहेब खेर आणि भोर-वेल्ह्याचा मावळ

8 मार्च 1948 रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि शंकराजी नारायण सचिवांच्या घराण्याकडे सुमारे अडीच शतके असलेला, राजगड, तोरणा आणि रोहिडा या दुर्गांच्या आश्रयाने वसलेला मुलूख लोकनियुक्त सरकारच्या अमलाखाली आला. सुधागड तालुका कुलाबा जिल्ह्यास जोडला गेला. नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी यांच्या खोऱ्यांतला भोर-वेल्ह्याचा प्रदेश मात्र पुणे जिल्ह्यात समाविष्ट झाला. त्या वेळी प्रांताचे मुख्य प्रधानपद भूषवीत होते बाळ गंगाधर, अर्थात बाळासाहेब खेर. ते या खोऱ्यांचे रहिवासी नव्हते. पण मावळातील रयतेच्या भाग्याशी त्यांच्या कायदेज्ञानाचा जो संबंध आला, तो आवर्जून समजून घेण्याजोगा आहे.

24 ऑगस्ट 1888 रोजी रत्नागिरीत जन्मलेल्या खेरांनी मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृतचे अध्ययन केले, कायद्याची पदवी संपादिली आणि पुढे सॉलिसिटर होऊन ‘मणिलाल खेर आणि कंपनी’ ही पेढी उभारण्यात पुढाकार घेतला. वकिलीत नाव आणि पैसा दोन्ही मिळत असताना ते प्रथम स्वराज्य पक्षाच्या कार्यात शिरले आणि सविनय कायदेभंगाच्या पर्वात दोनदा कारावासात गेले. 1937 साली प्रांतिक स्वायत्ततेनुसार बनलेल्या पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले, तेव्हा काँग्रेसच्या ठरावानुसार मंत्र्यांनी दरमहा पाचशे रुपयांवर भागवायचे होते. भारतीयांना न विचारता हिंदुस्थान महायुद्धात ओढला गेला, तेव्हा 1939 च्या नोव्हेंबरात याच मंत्रिमंडळाने अधिकारपदे सोडून दिली.

1946 साली ते पुन्हा सत्तेवर आले आणि 1952 पर्यंत त्यांनी राज्यशकट हाकला. या सहा वर्षांत प्राथमिक शिक्षणाचा 1947 चा कायदा झाला, अस्पृश्यांना मंदिरे खुली करणारा कायदा झाला आणि पुणे विद्यापीठ स्थापन झाले. परंतु मावळच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा ठरला तो 1948 चा कूळवहिवाट कायदा. डोंगरउतारावरची भातखाचरे पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या कुळास मालकाची मर्जी फिरली की जमीन सोडावी लागे आणि खंड किती घ्यायचा, हेही बहुधा मालकच ठरवी. या कायद्याने खंडाची कमाल मर्यादा जिराइतास उत्पन्नाच्या एकतृतीयांश आणि बागाइतास एकचतुर्थांश अशी बांधून दिली, मनमानी बेदखलीस आळा घातला आणि तंटा मामलेदारासमोर नेण्याची वाट मोकळी केली. तलाठ्याच्या दप्तरात, सातबाराच्या उताऱ्यावर, कुळाचे नाव लागणे ही दिसायला लहानशी नोंद. पण जो हक्क आजवर तोंडी शब्दावर अवलंबून होता, त्याला तिच्यामुळे सरकारी पुरावा मिळाला. पाठोपाठ 1950 साली परगणा व कुलकर्णी वतने नष्ट करणारा कायदा आला. देशमुख-देशपांड्यांच्या वतनांवर ज्या मावळाची घडी शतकानुशतके बसलेली होती, तेथे या कायद्याचा अर्थ केवढा गहन होता, हे इतिहासाच्या वाचकास वेगळे सांगावयास नको.

या कायद्यांनी सर्व काही एका दिवसात साधले, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. कुळांना जमिनीचे मालक करणारा कृषक दिन 1 एप्रिल 1957 रोजी उजाडला, तो पुढील सरकारने केलेल्या दुरुस्तीमुळे. आणि खेर त्यापूर्वी अवघे काही आठवडे, 8 मार्च रोजी, निवर्तले होते. तथापि पाया त्यांच्या कारकिर्दीत घातला गेला होता.

वकिलाने राजकारणात येऊन काय करावे, याचे उत्तर खेरांच्या चरित्रात सापडते. पक्षकाराची बाजू मांडण्याचे जे कसब न्यायालयात कमावले, तेच त्यांनी वकील लावण्याची ऐपत नसलेल्या माणसासाठी कायदेमंडळात वापरले. भोर-वेल्ह्याच्या तरुण वकिलांनी आपल्या तालुक्याचे जुने फेरफार आणि सातबारे एकदा या दृष्टीने वाचावेत. लोकसेवेची दीक्षा घेण्यास त्याहून योग्य ग्रंथ त्यांना मिळणार नाही.